कुंद नव्हे, संगीन

"डॉक्टरबाई, काळजाचे ठोके मंद करायची गोळी घेणारा माणूस प्रेमात पडू शकतो का?"

प्रश्न यगानेने विचारला, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. मागच्या रांगेत बसून हनानेने तो रचला होता, रोमिनाने त्यातला एक चावट शब्द काढून टाकला होता, आणि दोघींनी मिळून लवाशकच्या, म्हणजे आंबट फळांच्या पोळीच्या, तीन पट्ट्यांची पैज लावली होती की यगाने तो उभी राहून, न हसता, मुख्याध्यापिकांच्या देखत विचारूच शकणार नाही. मागच्या वर्षीची यगाने असती तर त्या दोघी पैज जिंकल्याच असत्या. मागच्या वर्षी ती हजेरी देतानासुद्धा हनानेच्या खांद्याआड लपायची. पण उन्हाळ्यात तिची उंची चार बोटं वाढली आणि उंचीबरोबर आवाजही कुठूनतरी आला. आता तो आवाज शाळेच्या नमाजखान्यात, नव्वद मुलींच्या डोक्यांवरून, थेट समोरच्या टेबलापर्यंत खणखणीत पोचला.

नव्वद मुली फसफसल्या. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, ही वाईट खूण होती.

आरोग्य सप्ताहासाठी आलेल्या मीरजलीली डॉक्टरबाई मात्र अजिबात हसल्या नाहीत. त्या बारीक चणीच्या होत्या, पायात धावायचे बूट होते आणि प्रश्न त्यांनी जणू परीक्षेतला असल्यासारखा ऐकून घेतला.

"पडू शकतो," त्या म्हणाल्या. "फक्त समोर ते माणूस आलं की धडधड जरा कमी होईल. म्हणजे बिचाऱ्याला डोक्याने ठरवावं लागेल. कुणी सांगावं, निवड बरी होईल."

आता मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या. यगाने बसणार एवढ्यात डॉक्टरबाईंनी बोट वर केलं.

"थांब. हा प्रश्न हवेतून आलेला नाही. ठोके मंद करायची गोळी असते हे तुला कुणी सांगितलं? घरी कोण घेतं?"

"माझे आगाजून. आईचे वडील," यगाने म्हणाली, आणि पैजेतला सगळा मजेचा भाग संपला हे तिला तिथेच कळलं. "घेतायत वीस दिवस. पण बाई, गोळी सुरू झाल्यापासून ते जास्तच थकलेत."

"नंतर मला जिन्यापाशी भेट."

जिन्यापाशी डॉक्टरबाईंनी आधी सगळं विचारून घेतलं. यगानेने सांगितलं. मेहेर महिन्यात, शरद लागताना, आगाजूनचे पाय सुजले, उताणं झोपलं की श्वास पुरेना, शेवटी महिनाभराने इस्पितळात आठ दिवस काढले. तिथे मशीनवर हृदय पाहिलं. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकतं, आगाजूनचं फेकत होतं शंभरातलं पंचवीस. पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या, आणखी दोन-तीन दिल्या, आणि एक अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, कार्वेडिलोल नावाची.

"बीटा-ब्लॉकर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरोबर दिली. आता ऐक. हृदय दुबळं झालं की शरीर घाबरतं. हृदयाला काय झालंय ते त्याला कळत नाही, एवढंच कळतं की रक्त पुरेसं पोचत नाहीये. म्हणजे कुठेतरी जखम झाली असणार, नाहीतर मागे लांडगा लागला असणार. मग ते ॲड्रेनलिन सोडतं. पळ, पळ, पळ. दमलेलं हृदय आणखी पळतं. तासभर ठीक आहे, एक दिवसही ठीक आहे. महिनोन्‌महिने तेच चाललं तर त्याच्या पेशी मरायला लागतात आणि ते सैल पडत, फुगत जातं."

"मग गोळी काय करते?"

"हृदयाच्या कानात कापूस घालते. ओरडा चालूच असतो, हृदयाला तो कमी ऐकू येतो. आणि दुसरं. हृदय साऱ्या अंगाला रक्त पाजतं, पण स्वतः केव्हा पितं? दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. ठोका पडतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या नळ्या आवळल्या जातात. जितकं पळेल तितकं उपाशी राहील."

यगानेने हे असं काही ऐकलं की तिला ते लगेच कुणालातरी सांगावंसं वाटे. आत्ता कुणी नव्हतं म्हणून तिने नुसती मान हलवली.

"पण ते थकलेत ते?"

"थकणारच. इतके दिवस हृदय त्या ओरड्याच्या जोरावरच चाललं होतं. ओरडा कमी झाला की आधी त्याला चाचपडल्यासारखं होतं. म्हणून चिमूटभर गोळीपासून सुरू करायचं, दर पंधरा दिवसांनी बघून वाढवायची. फळ दिसायला तीन-चार महिने. आम्ही डॉक्टरसुद्धा पूर्वी घाबरायचो. माझे शिक्षक शिकले त्या पुस्तकांत छापलेलं होतं की दुबळ्या हृदयाला ही गोळी चुकूनही देऊ नये." त्यांनी पर्समधून कार्ड काढून दिलं. "एकच लक्षात ठेव. मनाने बंद करू देऊ नकोस. कापूस एकदम उपटला की ओरडा पहिल्यापेक्षा मोठा लागतो."

घरी जाताना यगानेने जिंकलेल्या तिन्ही पट्ट्या एकटीने खाल्ल्या. हनाने आणि रोमिना सायकली हातात धरून दोन्ही बाजूंनी चालत होत्या आणि ती त्यांना कापसाचं आणि उपाशी हृदयाचं सांगत होती.

"म्हणजे झालं तुझं काम," रोमिना म्हणाली. "जा आणि सांग आगाजूनना."

"सांगतेच," यगाने म्हणाली. सांगितलं की लोक ऐकतात, अशी तिची त्या दिवसांत समजूत होती.

अंगणात आगाजूनच्या खोलीच्या खिडकीखाली जिरेनियमच्या पाच कुंड्या होत्या. पाणी घालायचं काम यगानेचं. त्या दुपारी तिने पहिल्या कुंडीत पाणी ओतलं आणि मातीतून पांढरं काहीतरी वर तरंगलं. अर्धी गोळी. बाजूला आणखी एक. काडीने उकरल्यावर एकूण बावीस निघाल्या, काही फुगून पिठासारख्या झालेल्या.

जेवताना दस्तरखानावर तिने त्या बशीत मांडल्या, शूलीच्या सुपाच्या भांड्याशेजारी. बावीस पांढरे तुकडे. यगानेच्या आईने, मामानने, डाव हातात तसाच धरला.

आगाजूननी बशीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "जिरेनियमला लागू पडली," ते म्हणाले. "बघ की कसं फुललंय."

"आगाजून, हसण्यावारी नेऊ नका."

"मी कुठे हसतोय. तूच हसायला लागलीस बघ."

आणि ती खरंच हसली होती. आगाजूनसमोर रागावणं फार कठीण. शहरभर लोक त्यांना मोर्शेद म्हणत. जुन्या बाजारामागच्या तालमीत आठकोनी खड्ड्यात पैलवान जोर काढतात, मुद्गल फिरवतात, ते सगळं ढोलाच्या ठोक्यावर. तो ढोल बडवत, वरून गात, उंच ओट्यावर बसणारा तो मोर्शेद. आगाजून त्या ओट्यावर सत्तेचाळीस वर्षं बसले होते. इस्पितळातून आल्यापासून ते नुसते जाऊन ढोल शेकत, पुसत आणि परत येत.

"अगं, राहू दे ना," मामान म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. थंड प्रकृतीची गोळी आहे ती. हात बघ त्यांचे, बर्फ. जीव थंड पडत चाललाय माणसाचा आणि वर थंडच औषध? मी आल्याच्या चहात केशराची खडीसाखर देतेय, त्याने तरी ऊब येते."

"मामान, गोळीला प्रकृती नसते."

"तुझ्या पुस्तकात नसेल."

बाबांनी फरशीच्या कारखान्यातून आल्यावर हात धुतले होते, पण नखांत अजून पांढरं होतं. ते हळूच म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपण काय शिकवायचं. त्यांना नको वाटत असेल तर नको."

"नको का वाटतं ते तरी सांगा," यगाने आगाजूनकडे वळली.

आता आगाजूनच्या चेहऱ्यावरची गंमत गेली.

"इस्पितळातल्या त्या डॉक्टराने माझ्या तोंडावर सांगितलं. घाईत होता, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ही गोळी काळीज कुंद करते. कुंद, म्हणजे बोथट. सुरी कुंद होते, ती फेकून देतात. बुद्धी कुंद होते, त्या माणसावर पोरं हसतात. मोर्शेदचं काळीज कुंद होऊ द्यायचं? पहिले काही दिवस घेतली मी इमानाने. बोट ठेवून बघितलं, ठोका खाली खाली जात होता. मी म्हटलं, हा विझायला लागला. विझायचंच असेल तर निदान माझ्या ठोक्यावर विझेन."

यगानेने कापसाची गोष्ट सांगितली. अगदी डॉक्टरबाईंसारखी, हातवारे करून.

आगाजूननी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आता बहिराही करणार मला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी यगाने पहिल्यांदा घाबरली. पंचवीस हा आकडा तिला येता-जाता दिसू लागला. गोळी नाही म्हणजे तो वीस होणार, मग पंधरा, आणि आगाजून आल्याचा चहा पीत अंगणात बसलेले असणार. त्यांना जिना चढताना आता तीनदा थांबावं लागत होतं. मागच्या आठवड्यात दोनदा. ही मोजणी घरात आणखी कुणी करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा अर्धी होती. ती थेट तालमीकडे निघाली आणि मैत्रिणी मागोमाग आल्या.

"तुला आत सोडणार नाहीत, बायकांना बंदी आहे," हनाने म्हणाली.

"फिरंगी बायका कॅमेरे घेऊन जातात, त्यांना चहा पाजतात."

"मग सांग की मी जर्मन आहे."

तालमीचं दार इतकं ठेंगणं आहे की वाकल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. यगाने वाकून गेली. दुपारची वेळ, खड्डा रिकामा. ओट्यावर आगाजून शेगडीपाशी ढोलाचं कातडं शेकत बसले होते आणि त्याच्या मातीच्या घटावर हलकेच टिचक्या मारून बघत होते.

"इथे यायचं नाही तुला," ते वर न बघता म्हणाले.

"नऊ वर्षांची होईपर्यंत याच ओट्यावर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेय. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही."

"तेव्हा तू एवढीशी होतीस."

"आत्ता कुणी नाहीये. दोनच मिनिटं. एक ठोका वाजवून दाखवा, मग जाते."

"कुठला?"

"मी सांगते तो. तुम्ही फक्त ऐकून वाजवायचं."

ठोका म्हटल्यावर मोर्शेद नाही म्हणत नाही. ती ओट्यावर चढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली, त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. हात खरोखर गार होता. मनगटावर तीन बोटं ठेवली, नाडी सापडायला जरा वेळ लागला, आणि मग ती प्रत्येक ठोक्याला तोंडाने म्हणू लागली. तक. तक. तक. तक.

आगाजूननी उजव्या हाताची बोटं कातड्यावर टाकली आणि तिच्यामागून वाजवू लागले. आधी सहज, नातीचा हट्ट पुरवावा तसे. ठोका घाईचा होता. बोटं भराभर पडत होती. मधेच एक चुकला, मग दोन लागोपाठ आले. आगाजूनच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मान कलती केली. नवशिका ढोल वाजवू लागला की ते अशी मान करत.

अर्धं मिनिट झालं आणि त्यांनी तळहात कातड्यावर दाबून ढोल बंद केला.

"हा चर्खाचा ठोका आहे," ते म्हणाले.

चर्ख म्हणजे पैलवान हात पसरून खड्ड्याच्या मधोमध स्वतःभोवती गरगर फिरतो तो शेवटचा प्रकार. सगळ्यात वेगाचा.

"हो ना?" यगाने म्हणाली.

"कुणाचा आहे?"

"तुमचा. बसलेल्या माणसाचा. चहा पिऊन, पाय पसरून बसलेल्या."

आगाजूननी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"चांगला पैलवान चर्ख किती वेळ मारतो, आगाजून?"

"दोन मिनिटं. फार तर तीन. मग मी ठोका उतरवतो."

"का उतरवता? त्याला थांबायचं असेल तर तो थांबेल."

"तो कसला थांबतोय," आगाजून चिडून म्हणाले. कुणी तालमीचं चुकीचं बोललं की ते चिडत. "मोर्शेद वाजवतोय तोवर पैलवान फिरणारच. त्यात त्याची अब्रू असते. म्हणून मोर्शेदने बघायचं. त्याचे खांदे बघायचे, ओठ बघायचे. माझ्या आधी इथे एक होता, डोळे मिटून वाजवायचा. फार गोड हात. त्याच्या ठोक्यावर एक वीटभट्टीवाला फिरता फिरता या कडेवर आपटला. ही बघ इथे. पुन्हा खड्ड्यात उतरला नाही कधी."

"तुमच्या आत तोच बसलाय. डोळे मिटलेला. तीन महिने झाले, ठोका उतरवतच नाहीये. आणि तुमचं काळीज अब्रूदार आहे, ते थांबत नाहीये."

शेगडीत कोळसा तडतडला. आगाजूननी ढोल मांडीवरून काढून बाजूला ठेवला.

"आणि उतरवला की?" यगानेने विचारलं. "ठोका उतरवला की पैलवान कुंद होतो का?"

"कुंद कशाला होईल? हळू म्हणजे कुंद नव्हे. कुंद तो, ज्यात जीव नाही. हळू आणि भरीव असला की तो संगीन." त्यांनी ढोल पुन्हा ओढला आणि वाजवून दाखवलं. एक ठोका, मग मोठी रिकामी जागा, मग दुसरा. घुमट भरून गेला. "सगळ्यात जड मुद्गल याच्यावर फिरतात. घाईच्या ठोक्यावर जड मुद्गल उचलून दाखव मला. मधल्या जागेत पैलवान छाती भरून घेतो. ती जागा मोर्शेद देतो त्याला. ते येणं म्हणजे मोर्शेद होणं, नुसतं बडवणं काय, पत्र्यावर गारासुद्धा बडवतात."

"काळीजसुद्धा त्याच जागेत रक्त पितं. दोन ठोक्यांच्या मधे. डॉक्टरबाई म्हणाल्या."

आगाजूनचा हात कातड्यावर थांबला.

"खरंच म्हणाली?"

"माझी शपथ."

त्यांनी खड्ड्याच्या त्या कडेकडे पाहिलं.

"मग त्या गाढवाने संगीन का नाही म्हटलं मला?"

"तो तालमीत आला नसेल कधी."

"आणि तुझी ही डॉक्टरबाई?"

"त्यांना तुम्ही येऊ देत नाही."

आगाजूनना हसू आलं आणि त्या हसण्यानेच त्यांना धाप लागली. ती उतरेपर्यंत यगानेने त्यांचा हात सोडला नाही.

"पंधरा दिवस," ते शेवटी म्हणाले. "पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर गोळी कुंडीत."

"पंधरा दिवसांत बरं वाटणारच नाही. उलट वाईट वाटेल. चार महिने द्या."

"चार महिने? सौदा करतेस की दरोडा घालतेस?"

"नव्या पोराला जड मुद्गल कितव्या दिवशी देता?"

"दिवशी? पहिलं वर्ष तो फळीवर जोर काढतो नुसते."

"मग मी तर चारच महिने मागतेय."

ते कबूल झाले, पण मोर्शेदच्या ऐटीत. गोळी यगानेने स्वतःच्या हाताने द्यायची, काही झालं तर आधी डॉक्टरबाईंना सांगायचं आणि त्यांच्यासमोर कुंद हा शब्द पुन्हा काढायचा नाही.

बाहेर दोघी मैत्रिणी दाराला कान लावून वाकलेल्या होत्या. यगाने बाहेर आली तशी रोमिना सरळ होत म्हणाली, "जर्मन बाईंनी बराच वेळ घेतला."

मीरजलीली डॉक्टरबाईंनी आगाजूनना तपासलं आणि पुन्हा अगदी अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली. आगाजूननी त्यांना कुंद आणि संगीनमधला फरक पंधरा मिनिटं समजावून सांगितला. बाहेर सात रोगी ताटकळत होते. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात तो शब्द लिहून ठेवला.

पुढचा हिवाळा सोपा गेला असं कुणी म्हणू नये. यगाने रोज सकाळी शाळेच्या गणवेशात आगाजूनचं वजन घेई, नाडी बघे, गोळी हातावर ठेवी आणि त्यांनी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलत नसे. आगाजून जीभ बाहेर काढून दाखवत आणि म्हणत, "घे, झडती घे." ते थकलेले असत. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागे. मामान खडीसाखर हातात घेऊन दारात उभी राही आणि काही न बोलता इतकं बोले की यगानेला दप्तर उचलून पळावं लागे. जेवणातलं मीठ कमी करायचं ठरलं तेव्हा बाबांनी एक आठवडा तक्रार केली आणि मग ते कारखान्यातून येताना लोणचं खाऊन येऊ लागले.

गोळी दुसऱ्यांदा वाढवली त्याच्या चौथ्या दिवशी वजन दीड किलोने चढलं आणि घोटे पुन्हा सुजले. उठताना आगाजून भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"झालं तुझं समाधान?" मामान म्हणाली. ती रागाने म्हणाली नव्हती. घाबरून म्हणाली होती, आणि तेच जास्त लागलं.

यगानेचा सगळा आवाज त्या सकाळी गेला. अंगणात जाऊन तिने कार्डावरचा नंबर लावला. आपण चुकलो असलो तर, एवढाच विचार डोक्यात होता. आपण पैज जिंकायच्या नादात माणूस हरलो तर?

डॉक्टरबाईंनी वजन विचारलं, नाडी विचारली, श्वास विचारला. "पाण्याची गोळी पाच दिवस वाढव," त्या म्हणाल्या. "कार्वेडिलोल आहे तिथेच ठेव. चढवू नको आणि काढूही नको. घाटात गाडी थांबली म्हणून कुणी उतारावर सोडून देत नाही. उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं. उद्या मला दाखवायला आण."

पाच दिवसांत सूज उतरली. गोळी महिनाभर तिथेच राहिली आणि मग पुन्हा चढू लागली, मुंगीच्या पावलाने.

नवरोझच्या सुमारास एक दिवस यगाने शाळेतून आली आणि आगाजून गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होते. जिना ते एकदाही न थांबता चढले होते. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, मामानने सांगितलं, आणि सांगताना ती उगाचच भांडी घासत राहिली. खडीसाखरेचा डबा त्यानंतर पाहुण्यांसाठी राहिला. वसंत भरात असताना एका शुक्रवारी डॉक्टरबाईंच्या परवानगीने आगाजून ओट्यावर चढले. दहाच मिनिटं, फक्त मुद्गलांचा ठोका. यगाने, हनाने आणि रोमिना तालमीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. विटांमधून तो ठोका पाठीत उतरत होता.

"किती हळू वाजवतात गं," रोमिना कुजबुजली.

"हळू नाही," यगाने म्हणाली. "ऐक नीट."

ओर्दीबेहेश्त महिन्याच्या शेवटी पुन्हा मशीनवर हृदय पाहिलं. डॉक्टरबाईंनी पडदा यगानेकडे वळवला. पूर्वी जे सैल पिशवीसारखं लोंबत होतं ते आता आवळून, आकाराला येऊन, सावकाश मिटत-उघडत होतं. नाडी बासष्ट. आणि शंभरातलं एक्केचाळीस.

"एक्केचाळीस," आगाजून म्हणाले. "पन्नास का नाही?"

"मोर्शेद, हाव सुटली वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळी अजून पुरत्या मात्रेला पोचलेली नाही. शनिवारी आणखी एक पायरी चढवू. आणि बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. ज्यांनी सोडली त्यांच्यातल्या पुष्कळांचं हृदय काही महिन्यांत पुन्हा सैल झालेलं मी पाहिलंय."

त्या रात्री जेवायला मामानने भाताच्या तळाची कुरकुरीत खरपुडी अख्खी उलटून काढली आणि सगळ्यात मोठा तुकडा आगाजूनच्या ताटात ठेवला. बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा काढला. कारखान्यात सगळ्यांना दाखवणार होते ते.

"मी नवस बोलले होते," मामान म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा प्रयत्न तिने सोडून दिला होता. "ते बरे झाले की त्यांना मशहदला इमामांच्या दर्शनाला नेईन. पुढच्या गुरुवारी बस आहे. आठ दिवस. यगानेची परीक्षा आहे, ती माझ्या बहिणीकडे, खालांकडे राहील."

"आणि त्या गोळ्यांचा डबाही आता आवरून ठेवू," बाबा म्हणाले. "देवाची कृपा, एक्केचाळीस झालंय. बऱ्या माणसाने औषध कशाला खायचं? तिथे जाऊन नुसतं दर्शन घ्यायचं, मोकळ्या मनाने."

यगानेने आगाजूनकडे पाहिलं. ते चहाच्या पेल्यात साखर ढवळत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ. लेकीचा नवस मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि गोळीचा कंटाळाही आला होता, दोन्ही तिला स्वच्छ दिसलं. तिथून मदत येणार नव्हती.

"बाबा, ते बरे झाले नाहीत. ते बरे राहतायत. गोळीमुळे," ती म्हणाली.

"अगं, पण कागदावर तर..."

"कागदावरचा आकडा गोळीसकटचा आहे."

"आपण बघू ना परत आल्यावर," मामान म्हणाली. "आठ दिवसांनी काय होतं?"

"आठ दिवसांत काहीही होऊ शकतं. हिवाळ्याच्या तोंडावर, आझरमध्ये, कुंडीतून काढल्या होत्या मी, तेव्हा बसल्या जागी त्यांची नाडी शंभरावर होती. तू त्यांना जिन्यावर थांबताना मोजलं नाहीस मामान, मी मोजलंय."

यगानेने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिचा आवाज आता मोठा नव्हता. मोठा करायची गरजच नव्हती.

"मी ठरवलंय. गोळी बंद होणार नाही. शनिवारी ती वाढणार आहे, आणि वाढली की पहिले काही दिवस त्यांना उठताना घेरी येते, तेव्हा ते चौदा तास बसमध्ये बसणार नाहीत. नवस तू बोललीस, तर तू आणि बाबा जाऊन या, आमच्या वाटणीचंही दर्शन घ्या. त्यांना आपण शरदात नेऊ, सगळे मिळून, गोळीसकट. आत्ता आगाजून इथे राहतील आणि खालांकडे न जाता मीही इथेच राहीन, परीक्षा इथूनच देईन. सकाळची गोळी मी देईन, संध्याकाळची मी देईन. शूली मला येते, आणि बिनमिठाची तर तुझ्याहून चांगली येते."